तिच्या बाजूची फिरकी

३ सप्टेंबर, रविवार

आज शिट्टीबाईंना सांगून टाकलं, मला बॅकस्पिन शिकायचाय.

शिट्टीबाई म्हणजे स्केटिंगच्या रिंकवरच्या आमच्या मास्तरीणबाई. गळ्यात कायम शिट्टी, त्यामुळे हे नाव. माझ्या लेकीला त्यांनी सहाव्या वर्षापासून शिकवलं, आणि गेले दोन हिवाळे रविवारी सकाळी आम्हा पन्नाशीच्या बायकांनाही सहन करतात. त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि विचारलं, "तुम्हाला? बॅकस्पिन? कशाला?"

"हौस," म्हटलं.

इथे लिहिताना खोटं कशाला बोलू? हौसबिऊस काही नाही. मला माझी लेक, भिंगरी, पुन्हा बर्फावर हवी आहे.

गेल्या जानेवारीत ती पडली, घोटा मोडला, जोडला, बरा झाला. एप्रिलमध्येच डॉक्टर म्हणाले, आता नाच म्हणावं. आणि ही स्केट्सकडे बघायलाही तयार नाही. वीस वर्षांची घोडी खोलीचं दार लावून पडून असते. मी गोडीत सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. हे म्हणतात, "सोड ना गं तिला." सोडायला ती काय पतंग आहे?

म्हणून ही युक्ती. बॅकस्पिन म्हणजे तिचा हुकमी एक्का. एका पायावर, पात्याच्या बाहेरच्या धारेवर, मागच्या मागे जात जागच्या जागी गरागरा फिरायचं. शिट्टीबाई म्हणतात, हवेतली प्रत्येक उडी म्हणजे बॅकस्पिनच, फक्त खाली बर्फ नसतो. भिंगरी तो इतका सुरेख घ्यायची की आजूबाजूची पोरं थांबून बघायची. तिचं हे नाव मीच ठेवलंय. तर तोच मी तिच्यासमोर इतका वाईट करून दाखवणार की तिला राहवणार नाही. वाईट केलेलं काम तिला बघवत नाही, हे माझ्यावर गेलंय. "आई, असं नाही गं," म्हणत ती उठेल. एकदा पाऊल बर्फावर पडू दे, पुढचं मी बघते.

तिचे स्केट्स मी माझ्याबरोबर बॅगेत घेऊन जाते. धार लावून ठेवलीय. मन कधी होईल सांगता येत नाही.

५ सप्टेंबर, मंगळवार

लॅबमध्ये आज कवळ्यांचा ढीग. एक आजोबा तिसऱ्यांदा आले, म्हणे वरची कवळी टोचते, मला दुसरी करून द्या. दुसरी कशाला? जिथे टोचत होती तिथे जरासं घासलं, पॉलिश मारलं, बसली. सत्तावीस वर्षं दात बनवतेय, एवढं नक्की कळलंय की थोडं घासलं की सगळं बसतं. लोकांना धीर नसतो.

जेवणाच्या सुट्टीत फोनवर भिंगरीचे जुने व्हिडिओ बघितले. बॅकस्पिन ती डाव्या पायावर घेते. बरंच झालं. साधी फिरकी मी डाव्याच पायावर करते, म्हणजे पाय तयारच आहे. फक्त दिशा बदलायची.

१० सप्टेंबर, रविवार

अर्धी फेरी. मग बुड.

शिट्टीबाई लांबून सरकत आल्या. "अहो, तुम्ही उलट्या फिरताय. साधी फिरकी डावीकडे आणि ही उजवीकडे, असं कुणी करत नाही. सगळं अंग एकाच बाजूला फिरतं माणसाचं. तुम्ही उजव्या पायावर घ्या, पंधरा दिवसांत येईल."

"भिंगरी असाच करते."

"ती डावखुरी आहे."

"माहितीय मला. पण मला तिचाच शिकायचाय."

पलीकडे दोन मुलं गुपचूप उभी होती, त्यांच्यावर बाईंनी उगाचच शिट्टी वाजवली.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मोजे घालून फिरून दाखवलं. मुद्दाम भिंगरी सूप पीत होती तेव्हाच. हे टाळ्या वाजवायला लागले. तिने चमचा हातात धरून सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आई, ते स्टूल सरकव, लागेल."

बस, एवढंच. पण पाहिलं तिने. पूर्ण पाहिलं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज जीव भांड्यात पडला.

आठवडाभर बघतेय, पोरगी दुपारची बाहेर जायला लागलीय. विचारलं तर "जरा बाहेर". मीही ताणलं नाही. आज संध्याकाळी आली आणि माझ्या हातून चहाचा कप घेतला, तर बोटं बर्फासारखी गार! बाहेर काही इतकी थंडी नाही. हे हात मी ओळखणार नाही? लहानपणापासून हेच हात माझ्या हातांत घेऊन चोळलेत.

स्टेशनापलीकडे दुसरं रिंक आहे. तिथे जाते आहे, नक्की. आम्हाला कळू द्यायचं नाही, ताकास तूर लागू द्यायची नाही, आणि एक दिवस एकदम उभी राहून दाखवायची. माझीच लेक ती.

यांना सांगितलं. हे पेपरात डोकं खुपसून म्हणाले, "असेल."

"असेल काय? आहे."

"बरं, आहे."

या माणसाला कशाचं काही नाही. येताना फुलं मात्र घेऊन आले होते, पांढरी, जराशी मान टाकलेली. यांच्या बँकेत कुणाचा तरी निरोप समारंभ होता म्हणे.

१ ऑक्टोबर, रविवार

दीड फेरी झाली! दुसरी पूर्ण व्हायच्या आत पाय आतल्या धारेवर घसरतो आणि सगळं ओमफस. फिरून झालं की खाली वाकून बर्फावरची रेघ बघायची, ही रिंकवर सगळ्यांनाच सवय. फिरकी जमली असेल तर एकाच जागी एकावर एक बारीक वर्तुळं दिसतात, पुसट बांगड्यांसारखी. माझी रेघ बघितली तर कोंबडीने उकरलंय असं वाटतं. शिट्टीबाई वाकल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "अंग तुमचं डावीकडे जायला बघतंय आणि तुम्ही त्याला ओढताय." मी म्हटलं, ओढलं की येतं.

भिंगरीच्या हातांवर बारीक ओरखडे आहेत. पडत असणार. नव्याने सुरू केलं की पडणारच. मी बघून न बघितल्यासारखं केलं. पण चेहरा पाहा तिचा! परवा न्हाणीघरात गुणगुणत होती. रात्री गाढ झोपते. तिच्या जॅकेटच्या खिशात सुकलेली पानं सापडली, धुवायच्या आधी झटकून टाकली.

यांनी आज पिवळी फुलं आणली. पुन्हा निरोप समारंभ. दर आठवड्याला कोण निवृत्त होतंय बँकेत? म्हटलं, "बाई कोण आहे ते तरी सांगा." हे इतका वेळ हसत राहिले की माझीच मला शंका आली. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष नाही त्यात. सध्या माझं सगळं लक्ष डाव्या पायात आहे.

१५ ऑक्टोबर, रविवार

पडले. उजव्या मनगटावर. हाड वाचलं, पण पट्टा घालून ठेवलाय आणि लॅबमधून सुट्टी. डाव्या हाताने लिहितेय, हे अक्षर बघून मलाच हसू येतंय. दुखतंय खूप.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी केसांशी झटापट करत होते. भिंगरी मागून आली, कंगवा काढून घेतला आणि विंचरायला लागली. तिने माझे केस कधी विंचरले होते? मला तरी आठवत नाही. तिचेच मी घट्ट बांधायचे, एक बट सुटता कामा नये म्हणून.

तिच्या हातांना वेगळाच वास येत होता. ओला, हिरवा, देठ मोडल्यावर येतो तसा. म्हटलं, "साबण बदललास का?"

"नाही."

थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तुला हे सगळं कशाला हवंय गं?"

"हौस."

ती विंचरत राहिली. गुंता सोडवताना केस मुळाशी धरत होती, मला ओढ बसू नये म्हणून. मग म्हणाली, "मनगट बरं झालं की येते मी एका रविवारी. नाहीतर मान मोडून घेशील."

मी आरशात बघितलंच नाही. बघितलं असतं तर तिला माझा चेहरा दिसला असता.

ती गेल्यावर पलंगावर बसून रडले. आनंदाने. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने आपणहून काही म्हटलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

मनगट ठीक आहे. पुढच्या रविवारी येते म्हणाली!

शिट्टीबाईंकडे हिवाळी शोची चौकशी केली. अजून जागा आहे. भिंगरीचं नाव देऊन टाकलं.

"तिला विचारलंत?" बाई म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय?"

"विचारा हो एकदा," एवढंच म्हणाल्या आणि स्केट्सची नाडी बांधत बसल्या. बाई आता थकल्यात. पूर्वी अशा नव्हत्या. भिंगरीला पाचला बोलावलं की पावणेपाचला हजर असायच्या.

१९ नोव्हेंबर, रविवार

काय झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे मला तरी समजेल.

भिंगरी आली. साध्या बुटांत. मी म्हटलं, असू दे, घाई नको. कठड्याला धरून ती बुटांनीच बर्फावर उतरली आणि माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, दाखव. मी दाखवलं. दीड फेरी, घसरणं, थांबणं.

ती हसायलाच लागली. "आई! तू माझ्या बाजूने फिरतेस!"

"मग कुणाच्या बाजूने फिरू? तुझ्यावरूनच शिकले."

"मी डावखुरी आहे गं. तू नाहीस." हसता हसता तिचे डोळे भरले. "दोन महिने तू हे असं करतेयस?"

मला वाटलं आता रागावेल, सोडून दे म्हणेल. पण ती जवळ आली आणि माझे खांदे धरले. तिच्यासारखं कुणीच शिकवलं नाही मला. ओरडणं नाही, घाई नाही. म्हणाली, "खाली बघू नकोस. खाली बघितलंस की आत पडतेस. सगळं वजन डाव्या अंगावर घे, डाव्या कुशीवर झोपल्यासारखं. आणि ओढू नकोस. फक्त उभी राहा, ते आपोआप फिरतं." मी पडले, तिने उठवलं. पुन्हा पडले, पुन्हा उठवलं. गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, मी तिचा झटकायचे तसाच. नाही, मी झटकायचे की नाही कोण जाणे. मी बहुतेक वेळा काचेपलीकडे असायचे.

आणि मग झालं. एक, दोन, तीन फेऱ्या, पूर्ण, एकाच जागी. सगळं रिंक माझ्याभोवती फिरलं आणि मी मधे शांत उभी. थांबले तेव्हा ती खाली वाकून बघत होती. "आई, बघ, आलं!" एकावर एक बारीक वर्तुळं होती. आम्ही दोघी त्या रेघांकडे बघत बसलो. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

इतकी सुखी मी कधी होते आठवत नाही. म्हणून तर बोलले. आनंदात माणूस बोलतोच ना?

बाकावर आलो. मी बॅग उघडली, तिचे स्केट्स काढून तिच्या मांडीवर ठेवले. म्हटलं, "आता तू. धार लावलीय. आणि लपवू नकोस, मला सगळं माहितीय, तू त्या पलीकडच्या रिंकवर जातेस ते. हिवाळी शोला तुझं नाव दिलंय मी."

ती स्केट्सकडे बघत राहिली. हात लावला नाही. ते तसेच मांडीवर.

"कुठलं रिंक, आई?"

"तुझे हात गार असतात की रोज!"

"मी फुलांच्या दुकानात कामाला आहे," ती म्हणाली. "फुलं थंड खोलीत ठेवतात. मी ती कापते, काटे काढते, गुच्छ बांधते. बाबाला माहितीय. उरलेली फुलं मी त्याच्याबरोबर घरी पाठवते." मग म्हणाली, "दुकानाच्या वर एक खोली आहे. डिसेंबरपासून मी तिथे राहणार. आज हेच सांगायला आले होते. पण तू इतकी पडत होतीस, म्हटलं आधी ते करू."

मी काय काय बोलले. फुलं? एवढी वर्षं घालवून फुलं? घोटा बरा आहे, अंगात गुण आहेत, लोक जन्मभर घासतात तरी असा बॅकस्पिन येत नाही. सगळ्यावर पाणी फिरवतेस. आवाज चढला असणार, कारण शिट्टीबाई कडेला येऊन उभ्या राहिल्या.

ती एकदाही ओरडली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला गाडी आवडायची, आई."

"कसली गाडी?"

"पहाटे रिंकवर यायचो ती. बाहेर अंधार, हीटर चालू, आणि तू बडबडत असायचीस. कुणाची कवळी ग्लासातून हरवली, कुणी कुणाची घातली. मी हसून हसून झोपून जायचे. तेवढ्यासाठी उठायचे मी. मग रिंक यायचं, आणि तू बोलायची थांबायचीस आणि बघायला लागायचीस."

तिने स्केट्स बॅगेत ठेवले, चेनसुद्धा लावली, आणि बसने निघून गेली.

मी काय चुकीचं बोलले हे मला अजून कळलेलं नाही. बघायचे, म्हणजे काय? आई बघणार नाही तर कोण बघणार?

२० नोव्हेंबर, सोमवार

या घरात मी सोडून सगळ्यांना सगळं माहीत होतं. यांना म्हटलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाले, "तिने सांगायचं होतं तुला. आणि तू इतकी खुशीत होतीस गं."

यांच्याशी बोलणं बंद केलंय. फुलदाणीतली फुलं फेकणार होते. फेकली नाहीत, पाणी बदललं.

२६ नोव्हेंबर, रविवार

रिंकवर गेले. शोमधलं नाव काढायला सांगितलं. शिट्टीबाई म्हणाल्या, मी लिहिलंच नव्हतं.

आले आहात तर एकदा उजव्या पायावर करून बघा म्हणाल्या. केलं. लगेच आलं. चार फेऱ्या, काही न करता, दार लोटावं तसं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

३ डिसेंबर, रविवार

आज ती गेली. हे सकाळीच पुढे गेले होते, तिथली कपाटं बसवायला. खोकी मागे रचली आणि ती पुढे माझ्याशेजारी बसली. दुकान फार लांब नाही, बाजार ओलांडला की आलंच. पण बाहेर गारठा होता, म्हणून हीटर लावला.

मला खूप बोलायचं होतं. जेवशील का नीट, त्या खोलीला ऊन येतं का, सुट्टी कधी असते, माझ्यावर रागावलीस का. तोंडातून मात्र भलतंच निघालं. म्हटलं, "ते आजोबा आठवतात? कवळी टोचणारे? परवा पुन्हा आले. म्हणे आता टोचत नाही, पण हसलो की बायको घाबरते."

ती हसली. म्हणाली, "मग?"

मग मी सांगत गेले. त्या आजोबांचं, त्यांच्या बायकोचं, एकाच ग्लासात दोघांच्या कवळ्या ठेवणाऱ्या त्या जोडप्याचं. थोडं खरं, बरंचसं रचलेलं. सिग्नलला बघितलं तर तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं. झोपली होती. सामान बांधत रात्र जागली असणार. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर, बोटांवर ओरखडे.

दुकान आलं. बाहेर बादल्यांत फुलं लावलेली होती. वरच्या खिडकीत हे पडदा टांगत होते, त्यांनी मला पाहिलं, हात केला.

मी गाडी थांबवली नाही. कोपऱ्यावरून वळले, बेकरीवरून, शाळेच्या मागून, पुन्हा दुकानासमोर आले, आणि पुन्हा वळले. यांनी खिडकीतून हाताने विचारलं, काय झालं? मी नुसती मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पुसलं नाही, स्टिअरिंगवरचा हात हलला असता तर ती जागी झाली असती. हळू आवाजात कवळ्यांच्या गोष्टी चालूच ठेवल्या. बोलायची थांबले असते तर आलो हे तिला कळलं असतं. पुन्हा बेकरी, पुन्हा शाळा. दुकानवाल्या बाई बाहेर येऊन बघायला लागल्या.

किती वेळ गेला माहीत नाही. ती हलली, डोळे न उघडताच म्हणाली, "आलं का गं?"

"नाही अजून," मी म्हटलं. "झोप."